वाघाला आडोसा हवा

बासी ईद मुलांची असते. पहिला दिवस नमाज, पाहुणे, शीरखुर्मा आणि भांडी यांतच जातो. यंदा ईदी मोजून झाल्यावर मुलांनी एकच हट्ट धरला : वाघ बघायचा. आमच्या मारुंजीहून कात्रजला जायचे म्हणजे भूमकर चौकातून हायवेला लागायचे आणि चांदणी चौक, वारजे, नवले पूल असा पुण्याला अर्धा वळसा घालायचा. (बासी ईद बुधवारी आली तर निघूच नका, त्या दिवशी प्राणिसंग्रहालय बंद असते.) डबा, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी असा लवाजमा घेऊन आम्ही सहा जण राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते.

वाघाच्या आवाराशी ही गर्दी. समोर गवत, झाडे, पाणी, पण वाघ कुठेच नाही. वीस मिनिटे उभे राहिलो. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. "पैसे परत मागा," असे मागून कुणीतरी म्हणाले आणि लोक हसले. माझा धाकटा रडकुंडीला आला.

तेव्हा अब्बा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आमच्या वेळी वाघ असा लपत नसे. पेशवे पार्कात गजांना नाक लावून उभा असायचा." मग थोडे थांबून, जणू स्वतःशीच, "लपायला जागाच नव्हती म्हणा."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसले. घरी आल्यावर त्याच्या मागे लागून मी मिळेल ते वाचले, माहेरच्या आणि सासरच्या वडीलधाऱ्यांना विचारले. आपण लहानपणी पाहिलेले ते पिंजरे तसे का होते, ते कुणी बदलले आणि बदलले म्हणजे नक्की काय झाले, हे मला समजून घ्यायचे होते. त्याला आणखी एक कारण होते. ते आमच्या गॅलरीत टांगलेले होते, पण त्याच्याकडे मी शेवटी येते.

पुण्यात जंगली जनावरे पाळण्याची रीत पेशव्यांच्या काळापासूनची. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट नावाचा एक पुणेकर चित्रकार इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करी. त्याने १७९० च्या सुमारास इथल्या गेंड्याचे आणि सिंहाचे चित्र काढले. ती चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. म्हणजे पुण्यातला गेंडा कागदावर बसून अमेरिकेला गेला! मोगल बादशहा असोत, पेशवे असोत की संस्थानिक, त्यांच्या दारची जनावरे ही दौलत होती, पाहुण्यांना दाखवायची. रयतेला वाघ दिसायचा तो रानातच, आणि तोही नको त्या वेळी.

पुढे १९५३ मध्ये पुणे महानगरपालिकेने त्याच पर्वतीच्या परिसरात, सारसबागेला लागून पेशवे पार्क उभे केले. १९५६ मध्ये तिथे फुलराणी ही छोटी रेल्वे सुरू झाली. अब्बांचे बालपण भवानी पेठेतले. फुलराणीत एक फेरी, मग माकडे, मग वाघ-सिंह, मग झाडाखाली घरून आणलेली खिमा-चपाती, हा त्यांचा ईदचा ठरलेला क्रम. पिंजऱ्याचे वर्णन ते अजून डोळ्यांसमोर असल्यासारखे करतात : सिमेंटची फरशी, मागे भिंत, पुढे जाड गज, फरशीला उतार आणि कडेला गटार. वाघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. "आम्हाला वाटायचे तो रुबाबात फिरतोय," अब्बा म्हणतात.

तो रुबाब नव्हता. कोंडलेले जनावर तासन्‌तास एकाच वाटेने येरझारा घालते, त्याला करण्यासारखे दुसरे काही उरलेले नसते म्हणून. पण तो पिंजरा बांधणारे लोक दुष्ट होते असेही म्हणता येणार नाही. जगभर तेव्हा असेच पिंजरे होते आणि त्याला कारण होते. क्षय आणि इतर रोगांनी प्राणी पटापट मरत. मातीत जंतू राहतात, म्हणून फरशी करा. रोज पाण्याच्या पाइपने धुवा. कोपरे, ढोली, गवत असे काही ठेवूच नका. इस्पितळाचा वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवून वाघाचे घर बांधले गेले. जनावर स्वच्छ राहिले आणि वेडेपिसे झाले.

गज पहिल्यांदा काढले ते जर्मनीत. हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन इथे कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने १९०७ मध्ये नवी बाग उघडली. वाघ, सिंह किती लांब आणि किती उंच उडी मारतात हे त्याने आधी मोजून पाहिले आणि त्या हिशोबाने खंदक खणले. खंदक पाहणाऱ्याच्या नजरेला दिसू नयेत अशा बेताने लपवले. लोक येऊन उभे राहिले तर समोर खडकावर मोकळा सिंह, मध्ये काही नाही! त्या काळच्या माणसांची काय अवस्था झाली असेल विचार करा. आज कात्रजला आपण कठड्याशी उभे राहून जे पाहतो, त्याचे मूळ तिथे आहे.

हागेनबेकची आणखी एक गोष्ट कळली ती मला फारशी सहन झाली नाही. हाच माणूस १८७४ पासून जिवंत माणसांची प्रदर्शने भरवत होता. उत्तर युरोपातल्या सामी लोकांना रेनडिअरसकट आणून कुंपणापलीकडे ठेवले आणि लोकांनी तिकीट काढून ते 'कसे राहतात' हे पाहिले. पुढे इतर देशांतली माणसेही आणली. गज नसले म्हणजे पिंजरा नसतो, असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आणि खंदकाचा हिशोब नीट केला तर तो आपल्या सोयीचा आहे. गज आपल्या डोळ्यांना खुपत होते, ते गेले. सिंहाची जागा वाढली का, त्याला लोकांपासून दूर जाता येते का, हा वेगळाच प्रश्न. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३४ मध्ये बर्टोल्ड लुबेटकिन या वास्तुकाराने पेंग्विनसाठी एक तलाव बांधला. काँक्रीटच्या दोन पांढऱ्या उतरंडी एकमेकींना वळसा घालून पाण्यात उतरतात. जगभर वाहवा झाली. पण पेंग्विनच्या पावलांना काँक्रीट मानवेना. २००४ मध्ये त्यांना दुसरीकडे हलवले. तलावाला मात्र वारसा वास्तूचा दर्जा आहे, तो पाडता येत नाही. पेंग्विन गेले आणि त्यांचे घर जपून ठेवले आहे.

माझे माहेर मुंबईत मदनपुऱ्यातले. मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाडा इथल्या मुलांना भायखळ्याची राणीची बाग म्हणजे अंगणच. एका खोलीत नऊ-दहा माणसे राहणाऱ्या घरांतल्या बायका ईदला नव्या कपड्यांत मुलांना घेऊन तिथल्या झाडांखाली बसत, अजूनही बसतात. ती बाग १८६२ ची. प्राणी आले ते पुढे, १८९० मध्ये बागेला जास्तीची जमीन जोडली तेव्हा. माझ्या अम्मीला आठवतात ते लोखंडी पिंजरे आणि शेंगदाण्यासाठी हात पुढे करणारी माकडे. माझ्या लहानपणीही पिंजरे तेच होते, फक्त प्राणी कमी होत चाललेले. एक मरायचा आणि त्या जागी दुसरा यायचा नाही. गंजलेल्या गजांच्या आत पाचोळा साठलेला, आणि बाहेर पाटी तशीच. आम्ही पोरे त्या पाट्या मोठ्याने वाचायचो आणि आत कुणी आहे असे समजून हाका मारायचो.

२००७ नंतर तिथे चारशे कोटींहून मोठा कायापालटाचा आराखडा आला. मुंबईच्या काही जागरूक स्त्री-पुरुषांनी, त्यांत बायकाच पुढे होत्या, त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की ही आधी दुर्मीळ झाडांची बाग आहे. प्राण्यांच्या निमित्ताने झाडे तोडू नका. तो आराखडा मागे पडला, लहान झाला. मग २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक मरण पावला आणि मोठा गदारोळ झाला. मार्च २०१७ मध्ये काचेचे थंडगार दालन लोकांसाठी खुले झाले. पेंग्विन म्हटले की बर्फ असे आपल्याला वाटते, पण हे हम्बोल्ट जातीचे पक्षी पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. अर्थात तो किनाराही मुंबईइतका चिकचिकीत नसतो. २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. अनेक वर्षांनी राणीच्या बागेत वाघ दिसला, आणि तोही गजांतून नव्हे, काचेतून.

काच ही तिसरी पायरी. गज, खंदक, काच. काचेमुळे शेंगदाणे, दगड, चिप्सची पाकिटे आत जात नाहीत, हा तिचा मोठा गुण. अवगुण असा की माणूस वाघाच्या चार बोटांवर येतो, काचेवर बोटाने टकटक करतो आणि मोबाइल चिकटवतो.

आता कायद्याचे सांगते, कारण पिंजरे खरे बदलले ते कायद्याने. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. प्राणिसंग्रहालयांसाठी त्यात १९९१ मध्ये वेगळे प्रकरण घातले गेले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याची मान्यता नसेल तर प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. त्या वर्षीच्या नियमांत मापेच दिली होती. वाघ किंवा सिंहाच्या एका जोडीला मोकळे आवार किमान १००० चौरस मीटर, बिबट्याच्या जोडीला ५००. आमच्या मारुंजीत जमिनीची भाषा गुंठ्यात चालते म्हणून सांगते, १००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. हे ऐकून यांनी लगेच आकडेमोड केली आणि म्हणाले, "हिंजवडीच्या बाजूला एवढ्या जागेत सोसायटी उभी राहील, वाघ कुठला!"

पेशवे पार्कासारख्या शहराच्या मध्यावरच्या छोट्या बागेचे या नियमांपुढे काही चालणार नव्हते. कात्रजला १९८६ मध्ये नीलमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान सुरू झाले होते. तेच खैरे, ज्यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. त्या सर्पोद्यानाच्या जोडीने १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडले. एकूण जागा सुमारे १३० एकर, त्यात ४२ एकरांचा तलावच. पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. जुन्या जागेवर पेशवे ऊर्जा उद्यान झाले, फुलराणी तिथेच राहिली. अब्बा म्हणतात, वाघ गेल्यावर एकदा मुद्दाम गेलो होतो, पण मन लागले नाही. कशाला मन लागायला हवे होते, असे मी विचारले नाही.

रिकाम्या पिंजऱ्यांचे पुढे काय करायचे, हा सगळीकडचाच प्रश्न. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात १९६० च्या दशकात नवे प्राणिसंग्रहालय झाले तेव्हा जुने तसेच सोडून दिले. अस्वलांसाठी केलेल्या कृत्रिम गुहांमध्ये आता बाकडी आणि टेबले आहेत. लोक तिथे सहलीला येऊन डबा खातात.

आपल्या पिंपरी-चिंचवडचे प्राणिसंग्रहालय म्हणजे संभाजीनगरातले निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय. तेही मुळात सर्पोद्यान. नूतनीकरणासाठी ते बंद झाले आणि वर्षानुवर्षे बंद राहिले. त्यामुळे मारुंजी, वाकड, चिंचवड, चाकणची मुले कात्रजला जातात. तिथे हत्ती-वाघ आणा अशी मागणी कधीमधी कानावर येते. मला ती पटत नाही. छोट्या जागेत साप, कासवे, पक्षी नीट ठेवले तर मुलांना शिकायला भरपूर आहे. हत्तींबद्दल तर प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगून टाकले की प्राणिसंग्रहालयांनी हत्ती ठेवू नयेत, त्यांना जंगलाजवळच्या शिबिरांत पाठवावे.

पण मोकळ्या आवाराची मापे ही अर्धीच गोष्ट. बहुतेक प्राणिसंग्रहालयांत संध्याकाळी वाघाला मागच्या बाजूच्या रात्रनिवाऱ्यात घेतात. तिथेच खायला देतात, तिथेच औषधपाणी करतात. संध्याकाळपासून सकाळपर्यंत, म्हणजे दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ, वाघ तिथे असतो. त्या खोलीचे किमान माप १९९२ च्या नियमांत होते २.७५ मीटर बाय १.८० मीटर. नऊ फूट बाय सहा फूट. आमच्या फ्लॅटचे न्हाणीघर आणि संडास मिळून एवढे होईल. पुढची दहा गुंठे आपण पाहतो, फोटो काढतो. मागची खोली कुणी पाहत नाही, आणि तिथे गज अजून तसेच आहेत. मार्च २०२४ मध्ये कात्रजला विलगीकरणातल्या पिंजऱ्यातून एक बिबट्या निसटला होता. कर्नाटकातल्या हम्पीहून आणलेला. सगळ्या पुण्याचा जीव टांगणीला लागला. जवळजवळ दीड दिवसाने तो सापडला तो प्राणिसंग्रहालयाच्या हद्दीतच. एवढे मोठे शहर समोर असताना तो दडून बसायला जागा शोधत होता.

म्हणूनच मला वाटते, आवार चांगले की वाईट हे वाघ किती जवळून दिसतो त्यावर ठरवू नये. त्याला आपल्या नजरेआड जाता येते का, हे पाहावे. झाडाची सावली आहे का, गवत उंच आहे का, मागे जायला वाट आहे का. बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. पाहुण्यांनी भरलेल्या घरात दोन मिनिटे दार लावून बसायला कोपरा मिळाला नाही तर जीव कसा होतो, ते आपल्याला ठाऊक आहे. आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवण्याचा नियमही याचसाठी आहे. तो दिवस प्राण्यांचा.

हे सगळे एका रात्री जेवताना मी मुलांना सांगत होते. दादी ऐकत होत्या. त्यांनी मुलांना त्या मांजरीची हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की एका बाईने मांजर कोंडून ठेवली, तिला खाऊ-पिऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडूकमिडूक शोधून खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही, ती मांजर मेली आणि त्यासाठी त्या बाईला शिक्षा झाली. मुले ऐकत होती. मग माझी मुलगी, वय वर्षे नऊ, म्हणाली, "दादी, मिट्ठूला आपण खायला देतो. पण सोडत नाही."

घरात कुणी काही बोलेना.

मिट्ठू दादींचा. सात वर्षांपूर्वी कुणीतरी आणून दिलेला, गळ्यावर गुलाबी-काळी रेघ असलेला आपल्या इकडचाच पोपट. हिरवी मिरची, पेरू, सकाळी सलाम, सगळे लाड. पण त्याचा पिंजरा गॅलरीच्या मधोमध, चारी बाजूंनी उघडा. येणारा-जाणारा बोट घालून जाई. आडोसा नावालाही नाही. आणि तोही दांडीवर या टोकाकडून त्या टोकाकडे सारखा जायचा. आम्ही म्हणायचो, नाचतोय.

आपल्याकडचे पोपट पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे किती घरांना माहीत आहे कोण जाणे. मलाही हे वाचेपर्यंत नीट माहीत नव्हते. ऐकले होते, पण कानाआड केले होते. मुलाचे म्हणणे पडले की आत्ताच दार उघडू. तसे करू नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, त्याला अन्न शोधता येत नाही, कावळे आणि मांजरे त्याला टिकू देत नाहीत. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवावे. ते पक्षी ताब्यात घेतात, तपासणी होते आणि उडण्याजोगा असेल तर पुढे सोडतात.

दादींना तयार व्हायला तीन आठवडे लागले. त्यांना कुणी आग्रह केला नाही, मुलांनीही नाही. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वतःच सांगितले, "फोन लाव." मिट्ठू गेला त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दोन दिवसांनी विचारू लागल्या, त्याला मिरची देत असतील का.

पिंजरा भंगारात द्यायला त्या अजून तयार नाहीत. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगला आहे, दाराची काडी काढलेली. सध्या त्यात लसूण ठेवतो.